हार्टचं लेकरू आहे, डोक्यात पू झालाय म्हणतात. असं कसं होतं? कोणाला अनुभव आहे का

जिंतूरची_आत्या | रविवार, रात्री ११:५०

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय इथे, लांबलं तर सांभाळून घ्या. माझा भाचा सहा वर्षांचा आहे, जन्मापासून हार्टचा प्रॉब्लेम, टीओएफ म्हणतात, म्हणजे आत होल आणि फुफ्फुसाकडची वाट अरुंद. नऊ महिन्यांचा असताना मुंबईला नेऊन शंटचं, म्हणजे फुफ्फुसाकडे जास्त रक्त जावं म्हणून नळी जोडायचं ऑपरेशन केलं. तेव्हा रडला की ओठ अगदी जांभळे व्हायचे, ऑपरेशननंतर फरक पडला, लेकरू खेळायला लागलं, अंगणवाडीत गेलं, आम्हाला वाटलं सुटलो एकदाचे. पुढे मोठं ऑपरेशन करायचंय असं कागदावर होतं पण एका वर्षी कापूस गेला, एका वर्षी वडील आजारी पडले, आणि लेकरू बरं दिसतंय मग कशाला पुन्हा छाती उघडायची असं घरातली मोठी माणसं म्हणायची, राहून गेलं.

होळीच्या सुमाराला त्याची मागची दाढ ठणकायला लागली. लवंग लावली, मिठाच्या गुळण्या केल्या, गाल सुजला तेव्हा वहिनींनी तालुक्याला एका दातांच्या दवाखान्यात नेलं, तिथं त्याच दिवशी दाढ काढून दिली. हार्टचं त्यांनी विचारलं नाही आणि वहिनींनी सांगितलं नाही, दाढेचा आणि हार्टचा काय संबंध असं कोणालाही वाटणार ना. त्यानंतर तीनेक आठवड्यांनी डोकं दुखायला लागलं. सकाळी उठला की जास्त, कपाळ धरून बसायचा, मग उलटी, उलटी झाली की जरा बरं वाटायचं. दोन दिवस अंग कोमट होतं नंतर तेही नाही. एप्रिलचं ऊन, गावात दाखवलं तर ऊन लागलंय, पित्त झालंय म्हणून गोळ्या दिल्या, आईने दृष्ट काढली. असे आठ दिवस गेले. मग एका दुपारी जेवताना मी स्वतः बघितलं, डाव्या हातात पाण्याचा पेला धरला आणि पेला नुसता सुटला, त्याने परत उचलला, परत सुटला, आणि तो आपल्याच हाताकडे बघत राहिला. त्याच रात्री डाव्या अंगाला फिट आली.

आता संभाजीनगरला ॲडमिट आहे. सीटी केला, मेंदूत उजव्या बाजूला साडेतीन सेंटिमीटरचं गळू आहे म्हणाले. इंजेक्शनं चालू केलीत, परवा कवटीला बारीक भोक पाडून पू काढायचा म्हणतात. दादा-वहिनी दोघंही सुन्न आहेत, डॉक्टर बोलतात ते अर्धं मला कळतं अर्धं नाही. हार्टच्या आजाराचं डोक्यात कसं गेलं? नुसत्या औषधावर नाही का जाणार? असलं हार्ट असताना भूल झेपेल का? आणि हाताचं काय? ज्यांच्या मुलांना झालंय त्यांनी प्लीज लिहा, मी रात्रभर जागीच आहे.

---

सईची_आई | रविवार, रात्री १२:२५

आत्या, आधी एवढं सांगते की माझी मुलगी यातून गेलीय आणि आता तेरा वर्षांची आहे, आठवीत आहे, मागच्या खोलीत झोपलीय. आम्ही कोल्हापूरचे. तिलाही टीओएफच, आमचं तर शंटसुद्धा झालं नव्हतं, सात वर्षांची असताना डोक्यात गळू झालं. आमच्याकडे दाढ वगैरे काही नव्हतं, कुठून आलं ते शेवटपर्यंत सापडलं नाही, त्यामुळे वहिनींना सांगा की दाढेवरून स्वतःला खात बसू नका.

पू काढायला घाबरू नका. मलाही डोक्याला भोक ऐकून भोवळ आली होती पण ते खरंच छोटं असतं, सईचा एका बाजूचा थोडासाच भाग भादरला होता, दोन टाके होते. आमचं दोनदा काढावं लागलं, पहिल्यांदा काढल्यावर दहा दिवसांनी स्कॅनमध्ये परत भरलेलं दिसलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मी वॉर्डाबाहेर बसून खूप रडले कारण मला वाटलं पहिलं फेल गेलं, पण तिथल्या सिस्टर म्हणाल्या असं होतं बऱ्याच जणांचं, परत भरू शकतं. म्हणून आधीच सांगून ठेवते, दुसऱ्यांदा करावं लागलं तर हाय खाऊ नका.

सगळ्यात अवघड ते सहा आठवडे. इंजेक्शनं शिरेतूनच, गोळ्यांवर सोडत नाहीत, आणि मूल चौथ्या आठवड्यात अगदी बरं दिसायला लागतं, हसतं, खायला मागतं, मग घरचे म्हणतात चला आता डिस्चार्ज घेऊ. आमचे सासरे रोज म्हणायचे. नका घेऊ. कोर्स पूर्ण करा. हातापायाच्या शिरा संपतात, रोज नवीन सुई बघवत नाही, तर पिक लाईन टाकता येईल का विचारा, दंडातून घालतात, ती बरेच दिवस चालते.

अजून एक, हे मला फार उशिरा कळलं. या मुलांच्या सलाईनच्या नळीत हवेचा बुडबुडा चालत नाही. आपल्याला बारीकसा बुडबुडा गेला तर फुफ्फुसात अडकून विरतो, यांच्यात तो होलमधून थेट मेंदूकडे जाऊ शकतो. आमच्या वॉर्डात एक सिस्टर होत्या, त्या प्रत्येक वेळी नळी उजेडाकडे धरून बोटाने टिचक्या मारत बुडबुडा वर आणायच्या आणि मगच जोडायच्या, दुसऱ्या कोणी घाईत जोडायला लागलं की त्या लांबून ओरडायच्या "तो हार्टचा पेशंट आहे, नळी बघ आधी". तुम्हीही बघत जा. भीड बाळगू नका.

---

बालरोग_नाशिक | सोमवार, सकाळी ६:४०

मी बालरोगतज्ज्ञ आहे. तुमचे रिपोर्ट मी बघितलेले नाहीत, उपचार तिथले डॉक्टरच ठरवणार, पण "डोक्यात कसं गेलं" हे घरच्यांना नीट कळलं पाहिजे म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्या सगळ्यांच्या रक्तात अधूनमधून जंतू शिरतात, घासताना हिरडीतून रक्त आलं तरी थोडे शिरतात. अंगभर फिरून आलेलं अशुद्ध रक्त हार्टच्या उजव्या बाजूला येतं, तिथून फुफ्फुसात जातं आणि फुफ्फुस चाळणीसारखं काम करतं, तिथल्या बारीक केशवाहिन्यांत जंतू अडकतात, तिथल्या पेशी त्यांना खाऊन टाकतात. टीओएफमध्ये फुफ्फुसाकडची वाट अरुंद असते आणि दोन कप्प्यांमध्ये होल असतं, त्यामुळे काही अशुद्ध रक्त फुफ्फुसाला वळसा घालून होलमधून सरळ महाधमनीत जातं. म्हणजे न चाळलेलं रक्त थेट मेंदूला. ही झाली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी रक्ताच्या घट्टपणाची. ऑक्सिजन कमी म्हणून शरीर लाल पेशी वाढवत राहतं, रक्त दाट होतं, मेंदूच्या बारीक नळ्यांमध्ये ते रेंगाळतं, कुठेतरी एखाद्या कणाएवढ्या जागेचा रक्तपुरवठा तुटतो, आणि अशी मेलेली जागा म्हणजे जंतूंना तयार वाफा. तिथे आधी नुसती सूज असते, साधारण दोन आठवड्यांत तिच्याभोवती कवच तयार होतं आणि आत पू साठतो. तुमच्या भाच्याचे ते पित्ताचे आठ दिवस म्हणजे बहुतेक हाच काळ असणार.

आता शंटबद्दल, कारण तुमच्या पोस्टमध्ये मला खरी दुखरी जागा तीच दिसली. "ऑपरेशन झालं, सुटलो" असं वाटणारे तुम्ही एकटे नाही, माझ्याकडे दर वर्षी असं कुटुंब येतं. शंट हे ऑपरेशन आहे पण दुरुस्ती नाही. १९४४ साली अमेरिकेत बाल्टिमोरला ब्लॅलॉक, हेलन टॉसिग आणि व्हिव्हियन थॉमस यांनी ते पहिल्यांदा केलं तेव्हाही कल्पना एवढीच होती की फुफ्फुसाकडे जास्त रक्त जाऊ द्यायचं, मूल कमी निळं करायचं, जगवायचं. आतलं होल तसंच राहतं. न चाळलेलं रक्त मेंदूकडे जातच राहतं. शंटनंतर मूल गुलाबी दिसायला लागतं आणि तिथेच फसगत होते. माझं म्हणणं आहे की शंट करून घरी सोडताना डॉक्टरांनी आईबापांना समोर बसवून, डोळ्यांत बघून सांगायला पाहिजे की हे अर्धंच झालंय, पुढचं राहिलं तर मेंदूला धोका आहे. कागदावर इंग्रजीत एक ओळ लिहून भागत नाही.

नुसत्या औषधाचं: गळू लहान असेल, साधारण अडीच सेंटिमीटरच्या आत, आणि मूल शुद्धीत असेल तर कधी कधी फक्त अँटिबायोटिक्सवर बघतात. साडेतीनचं असेल तर पू काढणंच बरं, दोन कारणांनी. दाब कमी होतो, आणि पू कल्चरला गेला की नेमका जंतू कळतो, मग अंदाजाने चाललेली औषधं नेमकी करता येतात. सुरुवातीला बहुतेक ठिकाणी सेफट्रिॲक्सोन आणि मेट्रोनिडॅझोल असतं, शंका असेल तर व्हँकोमायसिन. थांबून राहण्यात धोका हा की गळू मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत फुटलं तर परिस्थिती एकदम हाताबाहेर जाते.

भूल: धोका आहे, खोटं सांगणार नाही, पण हार्टच्या मुलांना भूल देण्याची सवय असलेले डॉक्टर हे रोज करतात. या मुलांचा बीपी पडला की निळेपणा वाढतो, तो पडू नये याची काळजी ते घेतात. तुम्ही एक गोष्ट नक्की विचारा: उपाशी ठेवल्यापासून सलाईन चालू आहे ना? रात्री बारापासून उपाशी आणि ऑपरेशन लांबत लांबत दुपारी, असं झालं तर साध्या मुलाला नुसती भूक लागते, पण या मुलांचं आधीच दाट असलेलं रक्त आणखी दाट होतं.

एक गोष्ट इथल्या बाकीच्या पालकांसाठी. हार्टच्या निळ्या मुलाला नवीन डोकेदुखी, उलटी, सुस्ती, फिट, यातलं काहीही असेल तर आधी डोक्याचा स्कॅन. ताप असलाच पाहिजे असं नाही, बऱ्याच मुलांना नसतो, ताप नाही म्हणून कोणी इन्फेक्शन नाही म्हटलं तर ऐकून घरी जाऊ नका. आणि स्कॅनच्या आधी पाठीतलं पाणी काढू देऊ नका, आत दाब वाढलेला असताना ते काढलं तर मेंदू खाली सरकून जीव जाऊ शकतो. स्कॅनच्या डॉक्टरांना हार्टचं सांगा. आपल्याकडे मेंदूत गोल कड्यासारखी गाठ दिसली की टीबी किंवा जंताची गाठ हे पहिलं मनात येतं आणि ते चूक नाही, पण हार्टचा आजार माहीत असेल तर गळूचीही शंका येते, एमआरआयच्या ठराविक फोटोत पू वेगळा उठून दिसतो.

---

रोहा_बाबा | सोमवार, सकाळी ९:०५

मधे विचारतो त्याबद्दल माफ करा, आत्या, तुमच्या भाच्यासाठी प्रार्थना. डॉक्टर, माझ्या मुलीला फक्त व्हीएसडी आहे, छोटं होल, ती कधीच निळी होत नाही. हे वाचून रात्रीपासून, म्हणजे सकाळपासून पोटात गोळा आलाय. तिलाही होऊ शकतं का?

---

बालरोग_नाशिक | सोमवार, सकाळी ९:३०

निळ्या न होणाऱ्या व्हीएसडीमध्ये रक्त डावीकडून उजवीकडे जातं, म्हणजे उलट जास्तीचं रक्त फुफ्फुसातून गाळून निघतं, त्यामुळे या प्रकारचं गळू तिला होण्याची भीती फार कमी. तिच्या बाबतीत लक्ष ठेवायचं ते हार्टच्या आतल्या अस्तराच्या इन्फेक्शनवर, एंडोकार्डायटिस. तेही क्वचितच होतं, पण झालं तर तिथले तुकडे सुटून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. ताप पाच-सात दिवस उतरतच नाही आणि खोकला, जुलाब, लघवीची जळजळ असं कारणही सापडत नाही, तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर घ्यायला सांगा, एक नाही, वेगवेगळ्या जागांहून दोन-तीन. आधीच दोन डोस पोटात गेले की कल्चरमध्ये काही उगवत नाही आणि मग सगळेच अंधारात चाचपडतात. बाकी मुलगी खेळू दे, पळू दे.

---

दातवाली_ताई | सोमवार, दुपारी २:१५

मी लहान मुलांची डेंटिस्ट आहे, ठाण्याला. आत्यांची पोस्ट वाचून वाईट वाटलं आणि रागही आला, कारण पेशंटला खुर्चीत बसवायच्या आधी "हार्टचं काही आहे का, कसलं ऑपरेशन झालंय का" हे विचारणं आमचं काम आहे, पालकांनी आपणहून सांगायची वाट बघायची नसते. तरीपण आमच्यातले सगळे विचारतातच असं नाही, म्हणून तुम्ही सांगा. केसपेपर काढतानाच सांगा.

ज्या मुलांचं निळं हार्ट अजून दुरुस्त झालेलं नाही, शंट असला तरी, त्यांना दाढ काढायच्या किंवा हिरडीला धक्का लागेल अशा कामाच्या अर्धा ते एक तास आधी अँटिबायोटिकचा एक डोस देतात, बहुतेक वेळा अमॉक्सिसिलिन, वजनावर. पूर्ण दुरुस्ती झाली आणि आत पॅच बसवला असेल तर पहिले सहा महिने. कृत्रिम व्हॉल्व्ह असेल किंवा आधी एंडोकार्डायटिस होऊन गेलं असेल तर नेहमीच. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधी बोला, दुसरी औषधं आहेत. आणि घाबरून दुसऱ्या टोकाला जाऊ नका, दुधाचा दात आपोआप हलून पडला, पडून ओठ फुटला, त्याला डोस लागत नाही.

पण आत्या, एका डोसने सगळं थांबलं असतं असंही मी म्हणणार नाही. ती दाढ कित्येक महिने किडलेली असणार, गाल सुजला म्हणजे मुळाशी पू होता, जंतू तेव्हापासूनच रक्तात ये-जा करत असतील. दाढ काढायला तर पाहिजेच होती, फक्त डोस देऊन आणि हार्टच्या डॉक्टरांना विचारून. मी हार्टच्या मुलांच्या आयांना सांगते की तुमच्या मुलाचा ब्रश हे औषध आहे असं समजा. सात-आठ वर्षांचं होईपर्यंत आईबापांनी स्वतः घासून द्यायचं, रात्री झोपायच्या आधी तर हवंच. ही मुलं जेवायला रडवतात म्हणून घरोघरी त्यांना हातात बिस्किट, गोळी, रात्री दुधाची बाटली देतात, शक्तीची गोड औषधं असतात, आणि निळ्या मुलांच्या दातांचं वरचं कवच बऱ्याचदा मुळातच कच्चं असतं. त्या लेकराला नाही म्हणवत नाही हे मला समजतं, मलाही नसतं म्हणवलं. तरी दर सहा महिन्यांनी दाखवा, दुखायच्या आधी.

---

सईची_आई | सोमवार, दुपारी ३:००

ताईंनी दुधाच्या बाटलीचं लिहिलं ते अगदी आमच्या घरचं चित्र आहे. सई चार वर्षांची होईपर्यंत साखर घातलेलं दूध पिऊनच झोपायची, रडली की निळी पडेल या धास्तीने आम्ही तिला कशालाच नाही म्हणायचो नाही.

हाताचं सांगायचं राहिलं काल. सईचा उजवा हात गेला होता, म्हणजे अगदी लुळा नाही पण पेन्सिल धरता येत नव्हती. फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी कॉटवरच दोन वाट्या ठेवल्या, एकीत चिंचोके, आणि एकेक उचलून दुसरीत टाकायला लावायच्या, चांगला हात पाठीमागे धरून. पहिल्या दिवशी चार चिंचोके टाकले आणि रडली. महिन्याभराने वाटी रिकामी करायची. पुढे चिंचोक्यांच्या जागी ज्वारीचे दाणे आले. अक्षर अजून जरा वेडंवाकडं आहे पण लिहिते स्वतः. फिटच्या गोळ्या आमच्या दोन वर्षं चालल्या, एकही दिवस चुकवली नाही.

आणि हिमोग्लोबिन. आमच्या सईचं १२ होतं आणि गावातले सगळे म्हणायचे मस्त आहे, १२ म्हणजे छान. हार्टच्या डॉक्टरांनी सांगितलं की ऑक्सिजन ७५ असलेल्या मुलीचं १७-१८ असायला पाहिजे, १२ म्हणजे तिच्या अंगात लोह कमी आहे. लोह कमी असलेल्या पेशी कडक होतात आणि रक्त आणखी अडकतं. लोहाचं औषध त्यांनीच मोजून सुरू केलं, मनाने द्यायचं नाही. नाशिकचे डॉक्टर, हे बरोबर सांगतेय ना?

---

बालरोग_नाशिक | सोमवार, सायंकाळी ५:१०

अगदी बरोबर. विशेषतः दोन वर्षांखालची निळी मुलं. त्यांच्यात गळू क्वचित होतं, पण लोह कमी आणि वरून जुलाब-उलट्या, उन्हाळा, की मेंदूतल्या शिरेत गुठळी होते. त्यांना जुलाब लागले तर घरी ओआरएस देत बसून दोन दिवस वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

---

आरोग्यसेविका_बीड | सोमवार, रात्री ९:२०

आत्या, पैशाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी आरबीएसकेच्या टीमबरोबर फिरते, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. आमची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, १८ वर्षांपर्यंतची मुलं तपासतो, हार्टचं मूल सापडलं की जिल्हा रुग्णालयात पाठवायचं आणि पुढे टूडी इको, ऑपरेशन हे सगळं मोफत करून घ्यायचं. तुमचा भाचा अंगणवाडीत होता म्हणजे टीमने बघितला असण्याची शक्यता आहे, कार्ड मिळालं असेल तर शोधा. नसेल तरी बिघडत नाही, परभणीच्या जिल्हा रुग्णालयात आरबीएसकेचे समन्वयक असतात, त्यांना भेटा, जुने मुंबईचे कागद दाखवा.

आणि आत्ताच्या ॲडमिशनसाठी महात्मा फुले योजना. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि लेकराचं आधार घेऊन जा, आधार नसेल तर जन्माचा दाखला. डोक्याचं आणि हार्टचं अशी दोन वेगळी कामं आहेत, दोन्हीचं वेगवेगळं विचारा. नवी मुंबईत खारघरला श्री सत्य साई संजीवनी हॉस्पिटल आहे, तिथे मुलांची हार्टची ऑपरेशनं पूर्ण मोफत होतात, बिलाचं काउंटरच नाही. मी स्वतः दोन मुलं पाठवलीत तिथे. नंबर लागायला वेळ लागतो म्हणून नाव आत्तापासून घाला, डोकं बरं होईपर्यंत नंबर येईल.

माझी एक खंत आहे, बोलून दाखवते. आम्ही लिस्टमध्ये "ऑपरेटेड" असं लिहितो आणि ते मूल आमच्या यादीतून बाजूला होतं. शंट झालेलं मूलही ऑपरेटेडच. आजपासून मी माझ्या वहीत शंटवाल्या मुलांपुढे लाल पेनने "बाकी आहे" लिहायला घेतलंय. आमच्या भागात तीन आहेत, त्यातल्या एकाचे आईबाप तोडीला कर्नाटकात गेलेत, फोन लागत नाही, मुकादमाकडून निरोप पाठवलाय.

---

जिंतूरची_आत्या | शनिवार, सायंकाळी ७:३०

सगळ्यांना उत्तर द्यायला आठवडा गेला, राग मानू नका. मंगळवारी पू काढला. १८ मिली निघाला, पिवळट हिरवा, दादाने बाटली बघितली आणि बाहेर येऊन खाली बसला. भूल झेपली, एक दिवस आयसीयूमध्ये ठेवलं, ऑक्सिजन मधे ६५ झाला होता मग वर आला. उपाशी ठेवलं तेव्हा मी नाशिकच्या डॉक्टरांचं वाक्य जसंच्या तसं विचारलं, सलाईन चालू आहे का, तर तिथले डॉक्टर म्हणाले तुम्हाला कोणी सांगितलं हे, आणि लगेच येऊन बघितलं. नळीच्या बुडबुड्याचं पण बघते, पहिल्यांदा एका सिस्टरना आवडलं नाही, आता त्या स्वतःच मला दाखवतात हे बघा नाहीये.

कल्चरमध्ये स्ट्रेप्टोकोकस आलाय, तोंडातलाच जंतू म्हणाले. वहिनी ऐकून परत रडल्या. मी त्यांना दातवाल्या ताईंचं वाचून दाखवलं, जंतू आधीपासूनच ये-जा करत होता हे, आणि सईच्या आईचं पण. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि मग विचारलं की मग शंटच्या वेळी मला हे कोणी का नाही सांगितलं. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जुनं डिस्चार्ज कार्ड काल गावाहून मागवलं, त्यावर खालच्या बाजूला एक ओळ आहे, इथल्या डॉक्टरांनी वाचून दाखवली, दीड वर्षाने पूर्ण दुरुस्तीसाठी यावे. इतकी वर्षं ते कार्ड पत्र्याच्या पेटीत होतं, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं.

आता हार्टवाले म्हणतात इन्फेक्शन पूर्ण जाऊन स्कॅन साफ आला की मग काही आठवड्यांनी दुरुस्तीचं बघू, आत पू असताना हार्टचं ऑपरेशन करता येत नाही. आरोग्यमित्राकडे कागद दिले, खारघरला फोन केला. चिंचोके मिळाले नाहीत इथे, शेंगदाणे घेतलेत, तो वाटीत टाकण्याऐवजी खातो पण डाव्या हाताने खा म्हटलंय.

एक विचारायचं होतं. काल दातांच्या डॉक्टर वॉर्डात येऊन बघून गेल्या, अजून दोन दाढा किडलेल्या आहेत. त्या इंजेक्शनं चालू असतानाच काढायच्या की कोर्स संपल्यावर, हे हार्टवाले आणि दातवाले मिळून सोमवारी ठरवणार आहेत. कोणाच्या मुलाची अशी ॲडमिट असतानाच दाढ काढलीय का? दातवाल्या ताई, तुम्ही सोमवारच्या आधी काही लिहू शकाल का, आम्ही त्यांना काय काय विचारायचं ते?

---

दातवाली_ताई | शनिवार, रात्री ८:०५

लिहिते. दोन्ही दाढांचा एक्स-रे झालाय का, आणि फिटच्या गोळीचं नाव काय आहे, एवढं आधी सांगा. रात्री दहापर्यंत ऑनलाइन आहे.